सॅबोचा एक ट्रे

सांगलीच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी तपासणीला होते. तिथं आम्ही रणगाड्याच्या गोळ्याचा एक भाग करायचो. चिलखत भेदणारा गोळा म्हटलं की लोकांना वाटतं, आत स्फोटकं असणार. तसं नसतं. आत असते एक जड, बारीक सळी. ती तोफेच्या नळीत सैल पडेल म्हणून तिच्याभोवती अ‍ॅल्युमिनियमच्या तीन पाकळ्या बसवतात. नळीबाहेर पडल्या की पाकळ्या गळतात आणि सळी नुसत्या वेगानं पोलाद फोडून जाते. त्या पाकळ्यांना सॅबो म्हणतात.

सळी पकडायला सॅबोला आतून बारीक आटे असतात. ते तपासायला दोन गेज, म्हणजे ठरल्या मापाचे आटे पाडलेले दांडे, होते. एक आत जायलाच हवा, दुसरा जाताच कामा नये. त्या शनिवारी सकाळी दुसरा गेज अलगद आत गेला, म्हणजे आटे सैल होते आणि सळी नळीतच निसटली असती. दुसरा नग घेतला, तिसरा घेतला. अख्खा ट्रे तसाच निघाला.

मालकांना बोलावलं. त्यांनी गेज फिरवून बघितला.

"अगं, सरावाचे गोळे आहेत हे. युद्धाला थोडेच जाणारेत? मार शिक्का."

"साहेब, सरावालाही रणगाड्यात माणसंच बसत्यात."

"गाडी दुपारी येणारे. तुला जमत नसेल तर शिक्का इकडं दे, मी मारतो."

मी शिक्का दिला. तो खिशात टाकून ते आधी जेवायला गेले आणि मी रंगाचा डबा उघडला. नापास नगाला लाल पट्टा मारायचा, हा आमच्याकडचा नियम. लाल लागलेला नग कुणीच उचलत नाही. एकेक करत सगळा ट्रे मी लाल केला. लेथवरचे मामा भाकरीचा घास हातात धरून बघत बसले. "पोरी, लय महागात पडंल," एवढंच म्हणाले, पण मला अडवलं नाही.

महागात पडलंच. मालक सगळ्यांसमोर ओरडले आणि मला घरी जायला सांगितलं. हात कोपरापर्यंत लाल होते, तशीच मी कवठे महांकाळची एसटी धरली.

माझे आबा फौजेतून रिटायर झालेले. रणगाड्यात तोफेत गोळा भरायचं काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "हुकूम मोडलास?"

"व्हय."

"गेज आत गेला व्हता?"

"व्हय, आबा."

मग म्हणाले, "आमी आत गोळा भरायचो. कुणी केलाय, कुणी तपासलाय, आमाला काय ठावं? शिक्का बघायचा आन भरायचा. गोळा बिघडला तर उतरून पळायला जागा न्हाई तिथं."

मी बरोबर केलं, असं ते म्हणाले नाहीत. मला ते ऐकायचंही नव्हतं.

चार दिवसांनी मामांचा फोन आला. मालकांनी स्वतः मापं घेतली होती. लेथच्या हत्याराची धार झिजली होती, ती बदलली. ट्रे भंगारात गेला. "पर तुला बोलवायचं काय त्यांच्या तोंडातनं निघंना," मामा म्हणाले.

मग मीच गेले. सोमवारी सकाळी जाऊन माझ्या टेबलाशी बसले.

मालक आले. "तुला कुणी बोलावलं?"

"कुणी न्हाई."

"मग?"

"माझं काम हाय हे. मी चूक केली असंल तर सांगा, उठते."

मशिनं चालू होती, तरी सगळे ऐकत होते. मालकांनी माझ्याकडं बघितलं, मामांकडं बघितलं. त्यांना राग आला होता आणि तो लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. मीही मान खाली घातली नाही. शेवटी ते आत गेले, नवा ट्रे आणून माझ्यासमोर आदळला आणि वर शिक्का ठेवला.

"लवकर आटप," म्हणाले.

मी पहिला नग उचलला. लवकर काही आटपलं नाही.