शिरपेचातला मधला हिरा

आमच्या झाडीपट्टीतली नाटकं प्रॉम्प्टरच्या जिवावर चालतात. नट आज या गावी, उद्या त्या गावी. पाठांतराला वेळ कुणाला? रंगमंचासमोरच्या खड्ड्यात बसलेला प्रॉम्प्टर जे पुटपुटेल, ते राजा बिनदिक्कत गर्जून सांगतो. माझे बाबा असे प्रॉम्प्टर, आणि मी ब्रह्मपुरीत बसून त्या राजांचे दागिने करणारी. डोळ्यांनी दगा दिला, म्हणून गेला हंगाम बाबांचा शेवटचा होता. जाता जाता त्यांना एकच हवं होतं: आपल्या वैरागडचं नाव एकदा तरी राजाच्या तोंडून ऐकायचं.

वैरागडात एकेकाळी हिऱ्यांच्या खाणी होत्या. आता धान होतो. पण हिरा म्हटला की जो तो गोवळकोंड्याचं नाव घेतो, याचा बाबांना भारी राग.

त्या हंगामातल्या राजा-राणीच्या नाटकासाठी मी मोबाइलवर राजघराण्यांच्या दागिन्यांची जुनी चित्रं धुंडाळली. कुण्या चित्रकारानं एक शिरपेच इतक्या निगुतीनं काढला होता की मी बघतच राहिले. खडे खऱ्या मापाचे, मागच्या बाजूची मीनाकारीसुद्धा, आणि प्रत्येक खड्याखाली तो कुठून आला ते लिहिलेलं. मधल्या टपोऱ्या हिऱ्याखाली मात्र जागा कोरी. मी चित्र छापून घेतलं आणि पुठ्ठा-बेगडीत शिरपेच उतरवला. कुणाला दिसणार नव्हती ती मागची मीनाकारीही रंगवली, कारण मला राहवत नाही. मधला हिरा म्हणजे अत्तराच्या बाटलीचं काचेचं बूच.

नाटकात राणी विचारते, हा हिरा कुठला? लेखकानं राजाच्या तोंडी गोवळकोंडा घातलेला. तिथे वैरागड करा, असा बाबांनी हट्ट धरला. चित्रात लिहिलेलं नाही ते मी मानत नाही, असं मी ठणकावलं. लेखकही माझ्याच बाजूचा.

"मंग गोवळकोंड्याचा पुरावा कुठी आहे?" बाबा म्हणाले. "रिकाम्या जागेत आपलं गाव बसलं तं तुयं काय जाते?"

मी चिडून शिरपेच डब्यात ठेवून दिला.

हंगामाचा शेवटचा प्रयोग महाशिवरात्रीच्या जत्रेत नेमका वैरागडलाच लागला. बाबांनी संहिता आपली नावाला समोर धरली होती. सगळं नाटक त्यांना तोंडपाठ. राणीनं हिऱ्याचं विचारलं. अख्खा हंगाम गोवळकोंडा म्हणत आलेल्या राजानं सवयीनं खड्ड्याकडे कान दिला, छाती फुगवली आणि म्हणाला, "वैरागडचा."

मंडप डोक्यावर घेतला लोकांनी. वन्समोअर थांबेचनात. राजाला पुन्हा पुन्हा तेच सांगावं लागलं आणि लेखक कपाळाला हात लावून बसला. मी विंगेतून पाहिलं, खड्ड्यात बाबा गमछ्यानं डोळे पुसत होते. मला इतका आनंद झाला की पुराव्याचं विसरून मीही टाळ्या पिटत सुटले.

सकाळी घरी ते छापलेलं चित्र बाहेर काढलं आणि हिऱ्याखालच्या कोऱ्या जागेत पेन्सिलनं 'वैरागड' लिहिलं. पुढे प्रश्नचिन्ह टाकलं. तेवढी शिस्त मला पाळायलाच हवी होती. बाबांनी कागद अगदी डोळ्यांशी नेऊन वाचला, खोडरबर मागितलं, आणि प्रश्नचिन्ह तेवढं पुसून टाकलं.