भाटकर, त्यांना सांगा!

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. तीन टेबलं, एक पंखा आणि वर्षानुवर्षं तीच माणसं असली की ते आपोआप साचतात. रत्नागिरीतल्या आमच्या छोट्या वाचनालयात तर पुस्तकांपेक्षा किस्सेच जास्त! डावीकडे ग्रंथपाल लिमये, उजवीकडे पुस्तकांची देवघेव बघणाऱ्या शिंदेबाई आणि मधे मी, भाटकर.

*

शिंदेबाई सांगलीच्या. नवऱ्याच्या बदलीमुळे इथे आलेल्या. पहिल्याच होळीला त्यांनी डबाभर पुरणपोळ्या आणल्या. लिमयांनी चार खाल्ल्या, बोटं चाटली आणि म्हणाले, "बऱ्या झाल्यात हो!"

आता लिमयांच्या तोंडी "बरं" म्हणजे उत्तम. याहून मोठं कौतुक त्यांनी घरी बायकोचंही केलं नसेल. बाईंच्या सांगलीत मात्र "बरं" म्हणजे कसंबसं गिळलं!

"चार खाऊन नुसत्या बऱ्या?" बाईंनी डब्याचं झाकण लावलं आणि बोलणंच बंद केलं. लिमयेही हट्टाला पेटले. अबोला चालला सात वर्षं!

*

"भाटकर, त्यांना सांगा, खिडकी लावा, पाऊस आत येतोय," लिमये म्हणायचे. बाईंना शब्द न् शब्द ऐकू जायचा, पण मी सांगेपर्यंत त्या जागच्या हलायच्या नाहीत. तोवर एखादी कादंबरी भिजलेली असायची.

एकदा लिमये भडकले. "त्यांना सांगा, हे अक्षर आहे की कोंबडीचे पाय?"

मी आपलं सौम्य केलं. "बाई, लिमये म्हणतात, अक्षर जरा मोठं काढा."

"भाटकर, निरोपात भेसळ नको!" बाई कडाडल्या. "ते काय म्हणाले ते मी ऐकलंय!"

*

चुलतबहिणीच्या लग्नाला मी तीन दिवस हर्णेला गेलो. परत आलो तर लिमये दारातच उभे.

"भाटकर, तुमच्या खुर्चीचं काही खरं नाही. परवा त्या रिकाम्या खुर्चीला बजावून सांगितलं, बाईंना सांग, कपाटाची किल्ली द्या. तिनं सांगितलंच नाही!"

मी बाईंकडे बघितलं.

"मला काही बोलली नाही हो ती," बाई शपथेवर सांगावं तशा म्हणाल्या.

त्या दिवशी मला माझ्याच खुर्चीच्या वतीनं माफी मागावी लागली.

*

आंब्याच्या दिवसांत लिमये बाईंसाठी घरच्या हापूसची पेटी माझ्या टेबलावर ठेवायचे. एका वर्षी बाईंनी सूड उगवला. "त्यांना सांगा, आंबे बरे होते."

लिमये दिवसभर हवेत! येईल त्या वाचकाला सांगत होते, "ऐकलंत? बरे म्हणाल्या!"

शेवटी मी बाईंना इथल्या "बरं"चा अर्थ समजावून सांगितला. त्या हळूच म्हणाल्या, "एवढी वर्षं गेली. आता एकदम बोलायचं तरी काय?"

मला दोघांचीही दया आली. आणि थोडी माझीही.

*

लिमयांची निवृत्ती आली. चहा पिताना म्हणाले, "भाटकर, जायच्या आधी बाईंनी एकदा तरी माझ्याशी थेट बोलावं हो. शिव्या दिल्या तरी चालतील."

निरोप समारंभात बाई माईकसमोर उभ्या राहिल्या. हॉल भरलेला.

"भाटकर, त्यांना सांगा, तब्येतीला जपा."

लिमये व्यासपीठावरून म्हणाले, "भाटकर, त्यांना सांगा, जपतो."

टाळ्या पडल्या! मला मात्र रडू आलं. सात वर्षं निरोप पोचवले आणि हाती काय लागलं, तर हे!

*

सोमवारी दहा वाजता लिमये पुन्हा हजर. त्यांच्या जुन्या टेबलाकडे न बघता सरळ बाईंच्या टेबलासमोर उभे राहिले. बाईंनी त्यांना नीट न्याहाळलं, सभासदत्वाचा कोरा अर्ज काढला आणि पेनाचं टोपण उघडलं.

"नाव?"

"दामोदर लिमये."

"वय?"

"अठ्ठावन्न."

"वाटत नाही!"

लिमये लाजले. मी रजिस्टर तसंच उघडं टाकून बघत राहिलो.

"ओळख देणारा सभासद कोण?"

"मी नवीन आहे हो. इथे कोणी ओळखत नाही मला."

"मग कसं करायचं?" बाई खरंच काळजीत पडल्या.

"अहो, मी ओळखतो की!" सही करायला मी हात पुढे केला.

दोघंही एकदम माझ्यावर ओरडले, "भाटकर, तुम्ही मधे बोलू नका!"