घरावरचा फ्लेक्स

फ्लेक्सवर स्वतःचा चेहरा घराच्या दारापेक्षा मोठा झालेला पाहून जोव्हेलिनला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. वडिलांनी तिला न विचारताच तो लावला होता. पांढरी टोपी, हसरे दात, आणि खाली ठळक अक्षरांत 'अभिनंदन! आमची नर्स'.

नर्स कसली डोंबलाची! हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांच्या कॉलेजात तिनं प्रॅक्टिकल नर्सिंगची दोन वर्षं काढली होती. रबरी बाहुलीला आंघोळ घाला, चादरीचे कोपरे दुमडा. प्रवेश घेताना कॉलेजवाले म्हणाले होते, परदेश तुमची वाट बघतोय. पास झाल्यावर कळलं की नर्सच्या परवान्याची परीक्षा चार वर्षं शिकलेल्यांनाच देता येते. हे आधी सांगायला त्यांची जीभ झडली होती का? आता आशा एकाच जागेची होती, गावातल्या छोट्या इस्पितळात वॉर्ड-मदतनिसाची.

मुलाखतीला मुख्य नर्स तेओदोरा मॅडमनी तिच्या कागदांना हातही लावला नाही.

"तो फ्लेक्स तुझाच ना? रोज त्याच रस्त्यानं येते मी. चार वर्षं घासून, परीक्षा देऊन नर्स झालेय. तू कधी झालीस गं?"

"मॅडम, तो तातायनी... माझ्या वडिलांनी लावलाय."

"काम चांगलं करशील, दिसतंय मला. पण वॉर्डात खोटेपणा नको. सोमवारच्या आत उतरव आणि ये."

घरी येऊन तिनं वडिलांना सांगितलं. वडील, एर्नानी, भाड्याची तीनचाकी चालवायचे. एकेका गिऱ्हाईकाला फ्लेक्ससमोर गाडी हळू करून दाखवायचे.

"का उतरवू?" ते उसळले. "दोन वर्षं पांढरे कपडे घालून काय मासे विकत होतीस?"

"मी नर्स नाहीये, ताताय!"

"कॉलेजवाले तर म्हणाले..."

"थापा मारल्या त्यांनी!"

ते हलेनात, तेव्हा तिनंच शिडी लावली आणि कोयत्यानं दोऱ्या कापल्या. फ्लेक्स धपकन अंगणात पडला. शेजारपाजारची माणसं दारात आली.

"मग तू आहेस तरी कोण, इंदाय, माझ्या पोरी?" वडिलांचा आवाज चिरकला.

"बेडपॅन उचलणारी. ते छापून लावा!"

बोलून गेल्यावर तिला स्वतःचाच राग आला. वडिलांनी फ्लेक्सची घडी घातली, तिचा चेहरा आत ठेवून.

सोमवारी जागा मिळाली. पहिल्याच दिवशी तिनं अर्धांग झालेल्या एका आजोबांना कूस बदलून दिली, त्यांची पाठ पुसली, भरवलं. आजोबांनी तिचा हात सोडला नाही. हे वडिलांना सांगायचंच, असं ठरवून ती घाईनं परत निघाली.

नाक्यावर एर्नानींची तीनचाकी उभी होती. आत बसलेल्या बाईनं विचारलं, "काय हो, मुलगी काय करते हल्ली?"

जोव्हेलिन मागेच उभी होती. वडिलांनी तिला पाहिलं नव्हतं.

"शिकतेय अजून," ते म्हणाले आणि गाडी सुरू केली.