अप्पांचे दोन डबे

उमरग्यात अप्पांकडून कराचं विवरण भरून घ्यायचं, तर आधी त्यांच्यासमोर परीक्षा द्यावी लागे. टेबलावर पत्र्याचे दोन डबे : एक 'धंदा', दुसरा 'घर'. एकेक पावती हातात धरून, हा खर्च कामासाठीच कसा झाला, ते अप्पांच्या डोळ्यांत बघून सांगायचं. ओठ जरा हलला, की पावती हिसकावली जाई. "हसलास! घरची!"

मी लग्नांत, सत्कारांत सूत्रसंचालन करतो. पगार नाही, त्यामुळे माईक, प्रवास, फोन हे खर्च उत्पन्नातून वजा करून घ्यायचे, हे अप्पांनीच शिकवलं.

"आणि दाढी-कटिंग?" मी पहिल्याच वर्षी विचारलं.

"काम नसतं तर दाढी वाढवून बसला असतास व्हय?"

"नाही."

"मग घरची!"

खऱ्या खर्चातला रुपया सोडायचा नाही, खोटा एक धरायचा नाही, हा त्यांचा बाणा. खोटं बोलणाऱ्याला ते शांतपणे चहा पाजत आणि त्याची फाईल कायमची परत करत.

एका वर्षी माझ्यातला नट बळावला. बायकोपोरांना सोनारीला देवदर्शनाला नेलं होतं, त्या जीपची पावती मी निर्विकार चेहऱ्यानं पुढं केली. "सोनारीत एका बागायतदाराचा सत्कार होता."

"लई भारी! करून दाखव की थोडा."

झालं! उठलो. हार, शाल, शेरोशायरी, सगळं जागेवर रचलं. बाहेर बाकावर बसलेली माणसं दारात गोळा झाली. अप्पांनी मनापासून टाळ्या वाजवल्या आणि पावती 'घर' डब्यात टाकली.

"अप्पा, मी हसलो कुठं?"

"न्हाय हसलास. पण दर कार्यक्रमाची पावती दाखवताना तू रडतोस. माईक खरखरला, जेवण उशिरा मिळालं, पाकीट हलकं निघालं. ह्या एकाच कार्यक्रमात तुला कुणी छळलं न्हाय व्हय?"

आणि त्यांनी चहा मागवला. मी फाईलवर डोळा ठेवून एकेक घोट घेतला. चहा संपला, तरी फाईल जागेवरच.

"अप्पा, चुकलो. फाईल...?"

"ऱ्हाऊ दे. चहा आत्ताच्या कार्यक्रमाचं मानधन हाय. उत्पन्नात धर."

अप्पा गेले त्याला दोन वर्षं झाली. आता विवरण मोबाईलवर भरतो. मोबाईलला माझं तोंड दिसत नाही, म्हणून पावत्या घेऊन आरशासमोर उभा राहतो. परवा भाच्याच्या लग्नासाठी शिवलेल्या कोटाची पावती धरली, घसा साफ केला, आणि दारातून बायको म्हणाली, "हसलात! घरची!"