भाऊबिजेची साडी

भाऊबिजेच्या दुपारी मोबाईलवर दिसलं, पार्सल पोचलं. कुठं पोचलं? माझ्या घरात तर नाही! पुण्याच्या धाकट्या भावाला सुट्टी नव्हती म्हणून त्यानं साडी पाठवली होती. आख्खी दिवाळी मी ‘पार्सल वाटेत आहे’ एवढंच वाचत होते.

डिलिव्हरीवाल्याला फोन लावला. “ताई, तुमच्या गावचं समदं फाट्यावरच्या हॉटेलात ठेवून राहिलो,” म्हणाला. मी तणतणत फाट्यावर गेले. हॉटेलवाला भज्याच्या कढईवरची नजरसुद्धा न काढता बोलला, “तुमच्या भावकीतली म्हातारी इथून चालली होती. आडनाव बराबर जुळलं, तिच्याजवळ दिलं.” अर्ध्या गावाचं आडनाव एकच! त्याची कढई उलथून टाकावी वाटली.

म्हातारी म्हणजे माझी चुलत सासू. तिनं माहेरच्या जमिनीत वाटणी मागितल्यापासून तिच्या भावानं तिच्या दारी येणं सोडलं होतं. दर भाऊबिजेला ती अंगणात उभी राहून चंद्राला ओवाळायची.

शिव्या जिभेवर घेऊनच मी तिच्या अंगणात शिरले. ती ओट्यावर बसली होती, माझी साडी नेसून.

“बघ गं, भावानं धाडली,” ती म्हणाली. “आठवण आली बापा त्याला.”

“शोभून दिसते, काकू,” मी म्हणाले आणि मागं फिरले.

घरी पोचते तोच भावाचा फोन. “मिळाली ना, ताई? नेसून फोटो पाठव.”

“फोटो न्हाई अन् बिटो न्हाई!” मी ओरडलेच. “पुढच्या साली साडी धाडू नको. तू ये.”