बॉनेटवरच्या दोन रेघा

पुण्याची नोकरी सोडून मी परभणीत बॅटरीचं दुकान टाकलं, तेव्हा सोबत एक दोन दारांची, पांढरी, जमिनीला चिकटून पळणारी गाडी घेऊन आलो होतो. माझ्याआधी तिचे दोन मालक होऊन गेले होते. झरीजवळच्या आमच्या गावात अशी गाडी कुणी पाहिली नव्हती. आई तिच्याभोवती फिरली आणि म्हणाली, "बाकीची कधी येणार हाय?"

पहिल्याच आठवड्यात कळलं, की आमच्या रस्त्यांचं आणि तिचं जमणार नाही. प्रत्येक गतिरोधकावर तिचं पोट घासायचं आणि तो आवाज माझ्या काळजात जायचा. शौकीन लोक पैसे घालून गाडी खाली बसवतात. मी परभणीच्या गॅरेजात उंच स्प्रिंगा टाकून ती वर उचलून घेतली. मिस्त्री म्हणाला, "साहेब, हिची तर बकरी झाली." मला वाईट वाटलं, पण घरापर्यंत एकदाही न घासता आलो.

मग नादच लागला. रुंद चाकं बसवली, घुमणारा सायलेन्सर लावला. उन्हाळ्यात सीटचं रेक्झिन असं तापायचं की बसवत नसे. आईनं जुनं घोंगडं कापून दोन्ही सीटना खोळी शिवल्या. काळ्या घोंगड्याला पांढरी किनार. तशी सीट कुठल्या दुकानात मिळाली नसती.

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गाडीबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. त्यांचं सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. त्या दिवसांत लोकर कातरून झाली होती आणि मेंढ्यांच्या पाठीवर गेरूनं खुणा करायचं काम चालू होतं. आमच्या कळपाची खूण म्हणजे दोन आडव्या रेघा, खाली एक टिपका. सकाळी बाहेर येऊन बघतो, तर गाडीच्या बॉनेटवर तीच खूण! गेरू अजून ओला होता.

"आबा, हे काय करायलाव?"

"आपल्या दारात हाय ना? मग खूण नको का? कुठं चुकली तर लोक आणून सोडत्याल."

पाण्यानं गेरू गेला की आबा पुन्हा खूण करायचे, निमूटपणे. शेवटी मीच परभणीच्या पेंटरकडून ती पक्क्या रंगात करून घेतली. आबांनी जवळ जाऊन पाहिलं आणि मान हलवली.

"ही आपली न्हाई. इतक्या सरळ रेघा कोणाच्या हातच्या असत्यात?"

दुसऱ्या दिवशी त्यांनाच शेजारी बसवून पेंटरकडे नेलं. सरळ रेघा पुसून घेतल्या. आबांनी लाल रंगात बोटं बुडवली आणि एका दमात खूण ओढली. थोडी वाकडी, एका टोकाला जाड. पेंटरनं वरून चकाकीचा हात दिला. त्या दिवशी परत येताना आबा पहिल्यांदा म्हणाले, "जरा पळीव की."

रविवारी दुकान बंद असलं की मी जिंतूरकडं निघायचो. एकदा चारठाण्यात चहाला थांबलो. नेहमीसारखी पोरं चाकांभोवती जमली. त्यांच्यातून वाट काढत काठी टेकत एक म्हातारा आला. त्यानं चाकं पाहिली नाहीत. बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला.

"कोणाचा रं तू?"

मी आबांचं नाव सांगितलं. म्हातारा बॉनेटवरच्या रेघांवरून बोट फिरवू लागला.

"जित्ता हाय?"

"हाय की, मामा. घरीच हाय."

तो खाली बाकावर बसला आणि सांगू लागला. तरुणपणी दोघं मिळून मेंढरं चारायचे. दोन कळप एकमेकांत मिसळायचे, म्हणून दोघांनी बसून खुणा ठरवल्या होत्या. याच्या मेंढ्यांना एक रेघ आणि टिपका, आबांच्या मेंढ्यांना दोन. मग एका दुष्काळात दोघं दोन दिशांना चारा शोधत गेले आणि पुन्हा गाठ पडली नाही. मामांनी पुढं मेंढरं विकली आणि चारठाण्यात लेकीकडं येऊन राहिले. आबांनी मला यातलं कधी काही सांगितलं नव्हतं. एका शब्दानंही नाही.

"येता का आत्ता?" मी विचारलं.

लेकीला निरोप देऊन त्यांना गाडीत बसवलं. उंच केली होती म्हणून बरं, नाहीतर त्यांचे गुडघे वाकले नसते. वाटेत त्यांचा हात सारखा घोंगड्याच्या खोळीवरून फिरत होता.

आबा दारात बाजेवर बसले होते. गाडीतून कोण उतरतंय ते त्यांना ओळखू येईना. मामा जवळ गेले आणि म्हणाले, "माझी एक काळी मेंढी तुझ्याकडं राहिलीया."

आबा उठले, आणि मी जन्मात पहिल्यांदा आबांना रडताना पाहिलं. रडता रडताच म्हणाले, "ती व्हय? ती तर कवाच मेली. तिच्या लेकी हायेत, घिऊन जा."

पुढं दर महिन्या-दोन महिन्याला मी मामांना घेऊन यायचो. दोघांना एकदम पोखर्णीला नरसिंहाला न्यायचं ठरलं, तेव्हा पंचाईत झाली. मागची जागा नावालाच होती. गॅरेजवाल्यानं मागचं बाकडं काढून तिथं जाड गादी बसवली आणि आबा तिच्यावर आडवे पाय करून ऐटीत बसले. पुढं मामा. सायलेन्सरच्या आवाजात दोघांना एकमेकांचं ऐकू येईना, म्हणून परत आल्यावर मी तो काढून टाकला. मूळचा साधा सायलेन्सर बसवला. त्यानंतर गाडीत दोघांच्या गप्पा मला स्पष्ट ऐकू यायच्या. कुठल्या माळावर लांडगा आला, कुणी भाकरी चोरून खाल्ली, कुणाच्या लग्नात कोण हरवलं. मी आरसा बघत गाडी चालवायचो आणि मधे तोंड घालायचो नाही.

आबा गेले तेव्हा मामांना आणायला मीच गेलो. ते पुढं बसले. मागं वळून रिकाम्या गादीकडं बघत म्हणाले, "सावकाश चालव. मला तुला त्याचं लय सांगायचं हाय."

मी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली आणि ते सांगायला लागले.