बिनफोडणीचे रविवार

कोरड्या तव्यावर सालासकट भाजत ठेवलेल्या लसणाचा गंध निराळाच असतो. तेलात पडलेला लसूण क्षणात सारं घर जागं करतो. हा मात्र सावकाश, स्वतःशीच पुटपुटत गोडसर होत जातो, आणि माघातल्या कोवळ्या उन्हात नेरुळच्या आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाडीचा खारट, ओलसर वारा आत आला की त्याच्या हाताला धरून पार दिवाणखान्यापर्यंत पोहोचतो. हा गंध मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी ओळखीचा झाला, आणि तोही माझ्या मुलीमुळे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याची, सुधीरची, अँजिओप्लास्टी झाली आणि डॉक्टरांनी तेल-तूप जवळजवळ बंदच करायला सांगितलं. आमच्या एकुलत्या एका मुलीने, गार्गीने, त्याच्या वर्षभर आधी दूधदुभतं सोडलं होतं. कुठल्याशा गोठ्यात आईपासून तोडून बांधलेलं वासरू पाहिलं, एवढंच तिने सांगितलं होतं, आणि मीही अधिक काही विचारलं नव्हतं. वडिलांचं पथ्य आणि स्वतःचं व्रत, दोन्ही सांभाळेल असं एक काहीतरी तिने शोधून काढलं: पास्त्यासाठी बिनतेलाचा सॉस. वाफवलेला लाल भोपळा आणि टोमॅटो, भिजवलेले मूठभर काजू, भाजलेला लसूण, आणि वरून कुंडीतल्या सब्ज्याची चार पानं. कांदा ती पाण्यावर परतायची. तळाला लागू लागला की चमचाभर पाणी, पुन्हा लागला की पुन्हा चमचाभर. दर रविवारी सकाळी ती ओट्याचा ताबा घ्यायची आणि मी माझ्याच स्वयंपाकघराच्या दाराशी पाहुण्यासारखी उभी राहायचे.

त्या दिवसांत मोहरी तडतडण्याचा आवाज नसलेलं घर मला परकं वाटत असे. सुधीरचा उतरलेला चेहरा, गार्गीच्या गळ्याशी वर आलेली हाडं, सारं माझ्या नजरेला दिवसभर खुपत राही. एका रविवारी ती अंघोळीला गेली असताना मी रटरटणाऱ्या सॉसमध्ये चमचाभर साजूक तूप सोडलं. त्या तांबूस पृष्ठभागावर सोनेरी थेंब क्षणभर तरंगले आणि ढवळताच नाहीसे झाले.

जेवताना सुधीर म्हणाला, "आज झकास जमलंय. गार्गीच्या हाताला चव आहे हं!"

ती लाजून हसली. मला बरं वाटलं, आणि त्याच वेळी आत कुठेतरी टोचलंही, की ही चव तर माझी आहे. पुढच्या रविवारी मला पुन्हा तुपाच्या बरणीकडे नेलं ते मायेने की त्या टोचणीने, हे आज मला छातीठोकपणे सांगता येणार नाही.

मग एका सोमवारी सकाळी ऑफिसचा डबा भरायला गार्गीने फ्रिज उघडला. उरलेल्या सॉसवर पांढरट, पातळ थर गोठला होता. तिने तो बोटाने उचलला, नाकाशी नेला.

"आई, हे तूप आहे?"

"अगं, चमचाभरच. बाबा किती दिवस नुसतं उकडलेलं..."

"बाबांच्या रक्तवाहिन्या बंद झाल्या होत्या, आई. आणि माझं तर तुला सगळं माहीत होतं ना?"

ती ओरडली असती तर मीही भांडले असते, आणि संध्याकाळपर्यंत सगळं निवळलं असतं. पण तिने भांडं अलगद ओट्यावर ठेवलं. "आता तुझ्या हातचं पाणी पितानाही मनात येईल," ती म्हणाली आणि रिकामा डबा घेऊन निघून गेली.

त्याच उन्हाळ्यात तिने मैत्रिणीबरोबर खारघरला भाड्याने घर घेतलं. बेलापूरचं ऑफिस जवळ पडतं, असं कारण दिलं; ते इथूनही तेवढंच जवळ होतं. मुलं सातासमुद्रापार गेलेल्या आयांना निदान अंतराला बोल लावता येतो. माझ्या बाल्कनीतून खारघरचा डोंगर दिसतो, हिवाळ्याच्या सकाळी धुक्यात निळसर, संध्याकाळी राखाडी, आणि त्याच्या पायथ्याशी चमकणाऱ्या असंख्य काचांमधली एक काच तिची आहे. दर पंधरा दिवसांनी ती वडिलांना भेटायला यायची. येताना स्वतःचा डबा आणायची, आणि माझ्याच टेबलाशी बसून, मी पुढे केलेली ताटलीही न घेता, जेवायची. त्यात राग नव्हता. ती सवय होऊन गेली होती, आणि तेच मला सोसवत नव्हतं.

मी तो सॉस शिकायला घेतला. पहिल्यांदा कांदा करपला. दुसऱ्यांदा काजू पुरते भिजले नव्हते, दाताखाली कचकचले. टोमॅटो फार आंबट निघाले. सुधीर निमूटपणे खायचा, एकदाच म्हणाला, "सावकाश कर. तिलाही पहिल्या दिवशी जमलं नव्हतं." मला पुन्हा पुन्हा तूप आठवे, आणि हात आवरून मी चमचाभर पाणी घाली. हळूहळू कळलं की कांद्यालाही स्वतःचा गोडवा असतो. तो उमलेपर्यंत नुसतं थांबावं लागतं.

गेल्या रविवारी गार्गी आली तेव्हा मी सॉसचं पातेलं टेबलावर आणून ठेवलं, तिला वाढलं मात्र नाही.

"गार्गी, तुला वाटतंय ते एकदाच झालं. तसं नव्हतं. पाच रविवार मी तूप घालत होते."

सुधीरचा घास हातातच राहिला. "पाच?" गार्गीने विचारलं.

"पाच."

"मग हे आत्ता का सांगतेस?"

"आज यात तसलं काही नाही. पण ते लपवून हे सांगितलं असतं, तर हेही खोटंच ठरलं असतं."

गार्गीने स्वतःचा डबा उघडला आणि त्यातली भाजी-पोळी खाल्ली. नेहमीसारखा डबा स्वतःच घासला, वडिलांशी त्यांच्या गोळ्यांबद्दल बोलली. चपला घालताना, माझ्याकडे न पाहताच, तिने तो रिकामा डबा पुढे केला. "थोडा यात दे."

मी डबा इतका काठोकाठ भरला, की सॉस ओट्यावर सांडला.

बुधवारी दुपारी फोनवर तिचा निरोप आला: "मीठ कमी होतं." तीन दिवसांत आलेलं ते एवढंच. सुधीरच्या रक्तदाबामुळे मी मीठ बेतानेच घातलं होतं, हे लिहायला घेतलं आणि पुसलं. मग माफी लिहिली, तीही पुसली. शेवटी लिहिलं, "पुढच्या वेळी तूच घाल."

तिने ते वाचलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही. आणि तिच्या उत्तराची वाट पाहताना, ते काय असावं हे मी आयुष्यात पहिल्यांदाच ठरवलेलं नाही.